मनगटाचं माप

मुबारकबी मनियारणीशी भांडायचं असेल तर सकाळी पोटभर न्याहारी करून जावं, असं भिंगारच्या बाजारात लोक म्हणायचे. उपाशीपोटी तिच्यापुढं कुणाचा निभाव लागत नसे. बाई ठेंगणी, सावळी, डोक्यावरची बांगड्यांची टोपली तिच्या खांद्यांपेक्षा रुंद, आणि चेहरा देवीच्या वणांनी पार भरलेला. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत बोट टेकवायला सपाट जागा सापडायची नाही. एखादी नवी नवरी बांगड्या भरायला बसली आणि तिनं त्या चेहऱ्यावरून नजर वळवली, की मुबारकबी तिची हनुवटी धरून तोंड पुन्हा आपल्याकडं फिरवायची.

"बघ की नीट. नक्षी हाय ही. मला फुकट मिळाली, तुझ्या बापाला लई पैसं पडलं असतं."

नवरी हसायची, हात सैल पडायचा आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असायची.

बांगडी भरणं हीच तिची खरी विद्या. समोरचीचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठा आत मुडपायचा, तळव्याची हाडं हलक्या हातानं दाबून एकमेकांजवळ आणायची आणि काच सरकवायची. काच पिचली तर नुकसान मनियारणीचं, हात कापला तर बदनामी मनियारणीची. मुबारकबीच्या हातून दोन्ही क्वचितच व्हायचं, कारण एकदा धरलेला हात ती विसरत नसे. बाई चार वर्षांनी भेटू दे, बाळंत होऊन सुजलेली असू दे की उपासमारीनं वाळलेली असू दे, मुबारकबी मनगट नुसतं चाचपायची आणि टोपलीतून नेमकं माप काढायची. कुणी नवल केलंच तर म्हणायची, "मी इसरंन एखाद वेळेस. हात न्हाई इसरत."

देवी तिला आल्या तेव्हा ती सात वर्षांची होती. त्याच पंधरवड्यात तिचे दोन भाऊ गेले. ती वाचली. पुढं भिंगारच्या आसपास जेव्हा जेव्हा देवीची साथ आली, तेव्हा तेव्हा आजारी पोरांच्या उशाशी बसायला बाया तिलाच बोलवायला लागल्या. पुवाळलेली अंगं पुसायची, कडुलिंबाच्या डहाळ्यानं वारा घालायचा, पेज भरवायची, आणि तिला काही म्हणजे काही व्हायचं नाही. खेड्यांतल्या बायांनी त्याचा सोपा अर्थ लावला होता, की ही देवीची लाडकी.

हे ऐकलं की मात्र मुबारकबीचं डोकं फिरायचं. "लाडकी कसली डोंबलाची! मारायला आल्ती मला. जमलं न्हाई तिला."

असं बोलू नये, कान धरावेत, असं बाया म्हणायच्या. मुबारकबीनं कधी कान धरले नाहीत.

आपल्याला पुन्हा देवी का येत नाहीत हे तिला कळलं ते राधाकृष्णाकडून. हा राधाकृष्ण म्हणजे सरकारी देवी डॉक्टर. लोक डॉक्टर म्हणायचे एवढंच, तो गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायचा. काटकुळा, भित्रा, हातात छत्री आणि पिशवीत एक पत्र्याची पेटी. तो गावाच्या शिवेवर दिसला की बाया पोरं काखेत मारून ज्वारीत पळायच्या. कुणी त्याच्यावर कुत्री सोडायचं. फिरतीवर दोघांची वाट बहुतेक एकच, तेव्हा उन्हाच्या वेळी एखाद्या कडुलिंबाखाली गाठ पडायची. भाकरी सोडताना एकदा तिनं विचारलंच.

"एकदा आजार अंगात येऊन गेला ना," राधाकृष्ण म्हणाला, "की अंगाला त्याची ओळख पटते. पुढं तोच पुन्हा आला, तर अंग त्याला दारातच ओळखतं आणि पाय पसरायच्या आत बडवून काढतं. तुमचं तसं झालंय, मुबारकबी. पण ही ओळख फार महागात पडते. दहा जणांत तिघं तर त्यातच जातात. म्हणून ही लस. ही गाईला येणाऱ्या देवीची जात, दुबळी. वासराच्या कातडीवर वाढवतात. दंडावर जरा खरवडायचं आणि थेंब लावायचा. अंगाला वाटतं खरीच आली. ते सगळी तयारी करतं. मग खरी आली तरी तिचं काही चालत नाही."

मुबारकबीनं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "म्हंजे अंग माप घेऊन ठेवतं."

"कसलं माप?"

"मनगटाचं. एकदा हात धरला की माप ठरलं. परत तोच हात आला तर चाचपडायचं काम न्हाई."

"आमच्या साहेबांनी हे शिकवायला तीन दिवस घेतले होते," राधाकृष्ण म्हणाला.

"आनि तो थेंब पुसून टाकला तर?"

"मग काय उरलं? नुसता ओरखडा. वाळेपर्यंत पाव तास तरी हात लावायचा नाही, हे मी घसा फोडून सांगतो. पण माझी पाठ फिरली की बाया लिंबू चोळतात आणि वर चुलीतली राख फासतात. अंगावर घेतलेली देवी परत पाठवतात म्हणे."

मुबारकबी उठली. भाकरी फडक्यात बांधली, टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. आपलं काय चुकलं ते राधाकृष्णाला कळलं नाही.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मुबारकबीला एक मुलगी होती, फरीदा. तिला देवी टोचली होती. टोचणारा आळीच्या कोपऱ्यावरून वळतो न वळतो तोच सासूनं अर्धं लिंबू पुढं केलं होतं आणि मुबारकबीनं ते आपल्या हातानं, चांगलं दाबून, पोरीच्या दंडावर चोळलं होतं. सगळ्याच करायच्या. हिंदू करायच्या, मुसलमान करायच्या, त्यात काही भेद नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात फरीदा गेली, साडेतीन वर्षांची होऊन. ईदेसाठी तिच्या मापाच्या चार हिरव्या बांगड्या मुबारकबीनं निवडून ठेवल्या होत्या, त्या एका पत्र्याच्या डबीत तशाच राहिल्या. इतकी वर्षं ती हे नशिबावर ढकलत आली होती. कडुलिंबाखालच्या त्या दुपारपासून ढकलता येईना. आपल्याच हातानं पोरीचं माप पुसलं, हे तिला कळून चुकलं होतं, आणि हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

चव्वेचाळीस साली चैत्रात साथ आली ती वणव्यासारखी. तिकडं लढाई चालू, भिंगारच्या छावणीत फौजांची ये-जा, नगरच्या किल्ल्यात मोठमोठे पुढारी कोंडलेले, बाजारात काच मिळायची मारामार. मुबारकबीनं सणासाठी महिनाभर धडपडून टोपलीभर माल जमवला होता आणि पहिल्याच फेरीला ती भिंगारपासून तीन कोसांवरच्या चिंचमळ्याला गेली होती. तिथं तिला छबूबाईनं निरोप धाडून घरी बोलावलं. छबूबाईचा नवरा काकासाहेब कोपरगावकडं साखर कारखान्यावर गेलेला. घरात सासू बायडाबाई, सहा वर्षांची रंगु आणि झोळीतली सहा महिन्यांची राही.

दाराला कडुलिंबाचे डहाळे लावलेले होते. घरात फोडणी बंद, मोठ्यानं बोलणं बंद, कारण देवी म्हणजे घरी आलेली पाहुणी, तिला राग येता कामा नये. रंगु खालच्या गोधडीवर तापानं फणफणलेली होती आणि तिच्या तोंडावर, हातांवर पुरळ उठलं होतं.

"बस गं मुबारकबी," बायडाबाई कुजबुजली. ही बाई घरची कर्ती. तिच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरदेखील जात नसे. "तुझ्यावर आईची मर्जी हाय. तू बसलीस म्हंजे सौम्य जाईल."

मुबारकबीनं टोपली ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले आणि आत आली. रंगुच्या कपाळावर हात ठेवला. मग तिची नजर झोळीकडं गेली. झोळी गोधडीपासून दोन हातांवर. छबूबाई रंगुला पाणी पाजायची आणि त्याच हातांनी राहीला अंगावर घ्यायची.

"हिला टोचलीय?"

"न्हाई बा," छबूबाई म्हणाली. "धाकलीच्या येळेला आमी मळ्यात पळून गेल्तो."

"पुरळ कधी उठलं?"

"काल सकाळी."

मुबारकबी तशीच उठली. टोपली ओट्यावरच सोडून ती भर उन्हात कोसभर चालत शेजारच्या गावी गेली. राधाकृष्ण तिथल्या चावडीत बसला होता, पण टोचून घ्यायला एकही माणूस आलेलं नव्हतं.

"देवी आलेल्या घरात लस?" तो म्हणाला. "मारतील मला, मुबारकबी. मागच्या आठवड्यात माझी छत्री मोडलीय."

"आधी मला मारतील. मी पुढं हाय. तू फकस्त सांग, येळ गेली का हाय?"

त्यानं बोटांवर मोजलं. "देवीला अंगात उगवायला बारा दिवस लागतात. लसीला आठ. आज टोचली तर अंग देवीच्या आधी तयार होईल. उद्या-परवापर्यंतसुद्धा चालून जाईल. त्यानंतर मात्र मी काही करू शकत नाही."

"मग ऊठ की!"

दोघं चिंचमळ्यात पोचेपर्यंत बातमी पोचली होती. बायडाबाई दारात आडवी उभी होती आणि अंगणाच्या कडेला आळीतल्या पाच-सहा बाया जमल्या होत्या.

"देवी बसलीय घरात," बायडाबाई म्हणाली. आता ती कुजबुजत नव्हती. "तिच्या म्होरं सुई काढायची? एक लेकरू तिच्या पायाशी पडलंय, दुसरं बी घालवायचं हाय का तुला?"

"दुसरं जाऊ नये म्हनूनच आलेय मी."

राधाकृष्ण मागून डोकावला आणि त्याची नजर आत गोधडीवर गेली. "ही रंगु ना? हिला तर मी टोचलीय! याच ओट्यावर, चार वर्षांमागं. आजीच्या मांडीवर बसली होती."

अंगणात कुजबुज झाली. "बघा!" बायडाबाईचा आवाज चढला. "टोचली हुती, तरी आल्या देवी. मंग कशाला रं तुझी ती पेटी?"

राधाकृष्णाचं तोंड उतरलं. मुबारकबी मात्र बायडाबाईच्या काखेखालून आत शिरली, रंगुच्या उशाशी बसली आणि तिनं पोरीचा डावा दंड हळूच धरला. पुरळाच्या मधून तिनं बोट फिरवलं. आयुष्यभर बायकांचे हात चाचपलेलं ते बोट. मग उजवा दंड पाहिला.

"वन न्हाई," ती म्हणाली. "टोचनी लागली असती तर रुपयाएवढा वन राह्यला असता. हितं कायबी न्हाई. बायडाबाई, काय चोळलंस?"

बायडाबाईनं नजर चुलीकडं वळवली.

"लिंबू का राख?"

"समद्याच चोळत्यात," बायडाबाई म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता.

"व्हय, समद्याच चोळत्यात. मी बी चोळलं." मुबारकबी दाराशी आली. अंगणातल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात, देवीच्या घरात कुणी बोलू नये अशा आवाजात ती बोलायला लागली. "माझी फरीदा कशानं गेली ठावं हाय का कुनाला? देवीनं न्हाई नेली. मी लिंबू चोळलं या हातानं. मला अल्लानं एक लेक दिल्ती आनि तिचं राखन मी पुसून टाकलं, सासूला बरं वाटावं म्हनून. बारा वर्सं झाली, कुनाला बोलले न्हाई. आज बोलते. रंगुचं जे व्हायचं ते व्हईल, तिला मी हाय. पन ह्या झोळीतल्या लेकराला तुमी बिनहत्याराचं ठेवनार असाल तर ते मी खपवून घेनार न्हाई. मला देवीचं भ्या दाखवू नका. तिची माझी जुनी वळख हाय."

मग छबूबाई, जी आजवर सासूपुढं मान वर करून उभी राहिली नव्हती, ती झोळीजवळ गेली. तिनं राहीला उचललं आणि मुबारकबीच्या मांडीवर दिलं. सासूकडं तिनं पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर धीर सुटला असता.

राधाकृष्णानं पेटी उघडली. डाव्या दंडावर दोन जागी त्यानं लहानशी दातेरी फिरकी टेकवून फिरवली, कातडी खरवडली आणि थेंब लावला. राही कळवळून रडली. "पाव तास," तो म्हणाला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

मुबारकबीनं ओट्यावरच्या सावलीत बैठक मारली. एका हातानं राहीचा इवलासा कोपर धरला, दुसऱ्या हातानं मनगट. बांगडी भरताना धरायची तसाच, ना सैल ना घट्ट. दंडावरचे दोन थेंब ओले चमकत होते.

बायडाबाई चुलीकडून अर्धं लिंबू घेऊन आली. "दे ती इकडं."

"न्हाई."

"माझी नात हाय."

"म्हनूनच."

बायडाबाईनं हात घातला. मुबारकबीनं नुसती पाठ फिरवली आणि लेकराला अंगाखाली घेतलं. बायडाबाईनं लिंबू फेकून दिलं. मग तिला ओट्याच्या कडेला ठेवलेली टोपली दिसली. तिनं टोपलीला पाय लावला. टोपली कडेवर आली, अर्धी बाहेर लोंबली. खाली अंगणात दगडी फरशी होती.

"सोड तिचा हात. न्हाईतर ढकलते बघ."

मुबारकबीनं टोपलीकडं पाहिलं. नुसता एक हात लांब केला असता तर टोपली सापडत होती. त्यात तिचा सगळा उन्हाळा होता, महिनाभराची वणवण होती, आणि आता तशी काच कुठून मिळणार नव्हती. पण एक हात सुटला की बायडाबाई दुसरा सोडवणार हेही तिला दिसत होतं. राही हुंदके देत होती. थेंब अजून ओले होते.

"ढकल," मुबारकबी म्हणाली.

बायडाबाईनं ढकलली.

तो आवाज चिंचमळ्यातल्या बाया पुढं कित्येक वर्षं विसरल्या नाहीत. टोपलीभर काच एका दमात दगडावर आली. सवाष्णीच्या दारात हिरव्या चुड्याचा चक्काचूर. बांगडी फुटली असं आपल्यात कुणी म्हणतसुद्धा नाही, वाढली म्हणतात, इतकं ते अशुभ. अंगणातल्या बायांनी पदर तोंडात धरले. छबूबाई भिंतीला टेकून खाली बसली. खुद्द बायडाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. आपण एवढं करू असं तिलाही वाटलं नव्हतं.

मुबारकबीचे हात मात्र जागचे हलले नाहीत.

"वाढवल्यास बांगड्या," ती म्हणाली. "बरं झालं. आता मला कुठं जायची घाई न्हाई. जा, रंगुला वारा घाल जरा. लेकरू एकटं पडलंय आत."

आणि बायडाबाई खरंच आत गेली.

पाव तासाचा अर्धा तास झाला. थेंब वाळून त्यांची पापडी धरली तेव्हा राधाकृष्णानं येऊन पाहिलं आणि मान हलवली. मगच मुबारकबीनं हात सोडला. तिची बोटं आखडून गेली होती. विकायला काही उरलं नव्हतं तेव्हा तिनं नवऱ्याला, नूरुद्दीनला, भिंगारला निरोप पाठवला की मी पंधरा दिवस येत नाही, आणि त्याच घरात मुक्काम ठोकला. रात्री पुन्हा कुणी लिंबू काढू नये म्हणून राही तिच्या कुशीत झोपायची. रंगुची सगळी उस्तवार तीच करायची. बायडाबाई तिच्याशी बोलत नव्हती, पण तिच्यासाठी भाकरी थापत होती. आणि रोज सकाळी अंगण झाडताना खाली बसून काचेचे बारीक कण वेचत होती.

सातव्या-आठव्या दिवशी राही तापली. दंड सुजून लाल झाला, दोन टपोरे फोड आले, काखेत गाठ आली. बायडाबाईनं पोरीच्या अंगाला हात लावला आणि तिचं मौन सुटलं. "आनलीस! टोचून देवी आनलीस माझ्या घरात!" तिच्या ओरडण्यानं आळी पुन्हा अंगणात जमली. कुणीतरी म्हणालं, हिला गावाबाहेर घाला.

मुबारकबी घाबरली होती. खोटं कशाला सांगायचं? राधाकृष्णानं ताप येईल असं सांगून ठेवलं होतं, पण सांगणं वेगळं आणि मांडीवरचं लेकरू भाजून निघणं वेगळं. फरीदाही अशीच तापली होती. एक क्षण तिला वाटलं, आपण दुसऱ्याच्या लेकराशी खेळलो. पण तिनं राहीला उचललं आणि थेट अंगणात आणलं. लोकांपुढं तिचं झबलं काढलं.

"बघा. दोन फोड हायेत, जितं टोचली तितंच. तोंडावर एक दाना दावा मला, पोटावर दावा, पायावर दावा. न्हाई ना? अंग शिकतंय तिचं. आत मारामारी चाललीय म्हनून तापलंय. कुस्ती खेळल्यावर तुमच्या पोरास्नी घाम येत न्हाई व्हय? दोन दिसांत ताप उतरंल. न्हाई उतरला तर मी हितंच हाय, पळून जात न्हाई. काय करायचं ते करा."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. फोड वाळायला लागले. मग सुरू झालं ते नुसतं वाट बघणं. बारावा दिवस गेला. मुबारकबी रोज सकाळी राहीला उजेडात न्यायची आणि तिच्या अंगाची तसूतसू पारख करायची. तेरावा गेला, चौदावा गेला. एक दाणा उठला नाही. रंगुच्या खपल्या गळून पडल्या. पोरगी वाचली. एका डोळ्यात फूल पडून तो अधू झाला आणि चेहरा वणांनी भरला. छबूबाई तिच्याकडं बघून रडायची, तर मुबारकबीनं रंगुला जवळ घेऊन सांगितलं, "आता तू माझ्यागत. कुनी बघितलं तर मान खाली घालायची न्हाई. म्हनायचं, मारायला आल्ती, जमलं न्हाई." रंगुनं ते तिथल्या तिथं पाठ केलं.

सोळाव्या दिवशी मुबारकबी निघाली. बायडाबाईनं तिची टोपली आणून दिली, आत दोन पायली ज्वारी घातलेली. बायडाबाई काही बोलली नाही. मुबारकबीनंही विचारलं नाही. चुकीची कबुली देणं सगळ्यांनाच जमत नाही, आणि जमलं नाही म्हणून माणूस वाईट ठरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

टोपलीत ज्वारी बघून नूरुद्दीननं विचारलं, "बांगड्या कां हैं?"

"फुट गये," ती म्हणाली. मग त्याला समोर बसवून तिनं सगळं सांगितलं. बांगड्यांचं सांगितलं आणि बारा वर्षांपूर्वी चोळलेल्या लिंबाचंही. नूरुद्दीननं उठून फरीदाच्या बांगड्यांची पत्र्याची डबी आणली आणि तिच्या हातात ठेवली.

ती डबी मुबारकबी पुढं दर चैत्रात चिंचमळ्याला नेऊ लागली. राही दीड वर्षांची झाली, अडीच वर्षांची झाली. फरीदाच्या बांगड्या तिच्या हातातून गळून पडायच्या. मुबारकबी त्या पुन्हा डबीत ठेवायची. सत्तेचाळीसच्या चैत्रात राही साडेतीन वर्षांची झाली आणि त्या वर्षी बांगड्या बरोबर बसल्या. बसवताना दाबावंसुद्धा लागलं नाही. मुबारकबीनं ते मनगट हातात धरलं आणि तिला ते सोडवेना. छबूबाई काही विचारणार होती, बायडाबाईनं तिला डोळ्यानं गप्प केलं. चारही बांगड्या त्या दिवसभर राहीच्या हातात वाजत होत्या. सांजच्याला मुबारकबीनं त्या उतरवून घेतल्या.

पुढच्या वर्षभरात देशात काय काय उलथापालथ झाली. या दिवसांत एकटी फिरू नकोस, असं तिला भिंगारात चार जणांनी सांगितलं. तिनं चौघांचंही ऐकून घेतलं आणि चैत्र लागताच टोपली डोक्यावर घेतली.

चिंचमळ्यात त्याच दिवशी राधाकृष्णही आला होता. पण त्याच्या नशिबी आता कुत्री नव्हती. बायडाबाईच्या ओट्यावर आळीतली पोरं रांगेनं बसली होती आणि बायडाबाई स्वतः एकेकाचा दंड धरून होती. "हलू नगंस. वाळू दे. कुनी पुसलंस तर हात मोडंन," असा तिचा दम चालला होता. रंगु तिच्या शेजारी बसून धाकट्यांचे डोळे पुसत होती.

मुबारकबीनं ओट्याच्या कडेला टोपली ठेवली, डबी काढली आणि राहीला पुढ्यात घेतलं. राहीनं आपणहून हात पुढं केला. डाव्या दंडावर दोन गोल वण होते. मुबारकबीनं तिचा अंगठा मुडपला, तळवा दाबला आणि बांगडी सरकवली. बांगडी बोटांच्या पेरांशी अडली. तिनं पुन्हा दाबून पाहिलं, हात जरा फिरवून पाहिलं.

"दुखतंय," राही म्हणाली.

मुबारकबी थांबली. फरीदाच्या हाताचं याच्या पुढचं माप तिला ठाऊक नव्हतं. ते तिनं कधी घेतलंच नव्हतं.

"काय झालं गं?" बायडाबाईनं विचारलं. "लहान व्हत्यात का?"

"व्हय." मुबारकबीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. मग ती सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "लहान व्हत्यात गं बायडाबाई! लहान व्हत्यात!"

आणि चार हिरव्या बांगड्या बाजूला ठेवून ती राहीच्या मापाच्या बांगड्या शोधायला टोपलीवर वाकली.